मूनलाइट घोडीचे समाधान झालेले नाही

प्रति,
मा. सचिव, शिस्त समिती,
करवीर घोडदौड मंडळ, कोल्हापूर.

अर्जदार : आकाराम गुंडू चौगले, जॉकी (परवाना स्थगित), राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर.

विषय : घोडी 'मूनलाइट' हिच्याबाबतचा 'समाधानकारक' हा शेरा रद्द करून माझी शिक्षा पुढे चालू ठेवणेबाबत.

संदर्भ : १) समितीचा शिक्षेचा आदेश. २) मंडळाच्या पशुवैद्यकांचा गेल्या सोमवारचा शेरा.

महोदय,

सुटका मागणारे अर्ज आपल्याकडे पुष्कळ येत असतील. मी सुटका नको म्हणून लिहीत आहे, तरी कारकुनाची चूक समजून हा अर्ज बाजूला पडू नये, ही पहिली विनंती.

१. गेल्या हंगामाच्या अखेरच्या शर्यतीत शेवटच्या फर्लांगात मी मूनलाइटला चाबकाने बेदम मारले. पुठ्ठ्यावर वळ उठले, एके ठिकाणी कातडे फाटले. समितीने माझा परवाना स्थगित केला. शिवाय असा आदेश दिला की, ज्या जॉकीने घोडी मारली त्यानेच ती आपल्या दारी बांधून तिची सेवा करावी आणि घोडीचे समाधान झाल्याचा शेरा येईपर्यंत घोडी शर्यतीत उतरू नये आणि त्याने परवाना मागू नये. त्या दिवशी मला या आदेशाचा राग आला होता. आज नाही.

२. आमच्या गल्लीत माणसाला पाय पसरायला जागा नाही. शेजारीण धोंडुबाई हिने आपल्या म्हशींच्या गोठ्यात एक खुंटा दिला, म्हणून निभावले. सुरुवातीला घोडी म्हशींकडे आणि म्हशी घोडीकडे नुसत्या बघत राहिल्या. मूनलाइट हे नाव गल्लीला जड गेले, तिची मुन्नी झाली. तालमीतले पैलवान मेहनत झाली की उरलेले तेल तिच्या अंगाला चोळतात. जॉकीचे वजन वाढून चालत नाही म्हणून माझी पत्नी शालूबाई मला अर्धीच भाकरी वाढते आणि उरलेली अर्धी माझ्या डोळ्यांदेखत घोडीला घालते. घोडी अंगाने भरली. मी आहे तसाच आहे.

३. सोमवारी पशुवैद्यक तपासणीस आले. मी सुटावा म्हणून गल्लीने आदल्या दिवसापासून कंबर कसली होती. घोडीला न्हाऊ घातले, गोठा सारवला, आणि तिला दोन गरीब म्हशींच्या मधोमध बांधले, म्हणजे तीही तशीच दिसेल. धोंडुबाईने डॉक्टरांच्या हाती धारोष्ण दुधाचा पेला दिला आणि म्हणाली, "पावणं, माज्या म्हशींपरास ही गरीब हाय की! लिवा काय लिवायचं ते." डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी घोडीच्या मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत हात फिरवला. ती जराही हलली नाही. 'समाधानकारक' असा शेरा झाला. गल्लीने पेढे वाटले. एवढ्या मायेच्या माणसांना दोष कसा द्यावा, हे मला कळत नाही.

४. या शेऱ्याने माझा परवाना परत येईल आणि त्याच दिवशी घोडीचे मालक श्री. बाळासो शिर्के यांच्याशी माझा असलेला करार पुन्हा लागू होईल. करार असा की त्यांची घोडी मीच धाववायची. येत्या हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत मूनलाइटचे नाव त्यांनी घातले आहे. ती आता वयाने थकली आहे, शेवटच्या फर्लांगात आपण होऊन वेग धरीत नाही. गेल्या खेपेस मालक कठड्यावरून ओरडले होते, "चाबूक काय शोभंला दिलाय व्हय?" ते समितीने ऐकले नाही. मी ऐकले.

५. आता माझ्यापुढे काय आहे ते समितीनेच पाहावे. मी मारले तर समिती मला शिक्षा करील. मारले नाही आणि घोडी मागे राहिली, तर जिंकण्याचा प्रयत्न केला नाही म्हणून शिक्षा आहेच, आणि तीही समितीच करील. बसायलाच नकार दिला तर करार मोडल्याबद्दल परवाना कायमचा जाईल आणि मूनलाइटवर दुसरा कोणी बसेल. त्याच्या हातातही चाबूक असेल. मी मालकांच्या बंगल्यावर जाऊन घोडीला शर्यतीतून काढण्याची विनवणी केली. ते म्हणाले, "पळंल तवर पळंल. मग टांग्याला लावू." मी नियमांचे इंग्रजी पुस्तक शेजारच्या शिक्षकांकडून दोनदा वाचून घेतले. त्यात मला कुठूनही वाट सापडली नाही. घोडीला शर्यतीपासून दूर ठेवणारा एकच कागद आहे, तो म्हणजे माझ्या शिक्षेचा आदेश. त्याच्याबाहेर पडलो की आम्ही दोघेही सापडलो.

६. यावर समिती म्हणेल की, अर्जदार आपल्या सोयीसाठी खरा शेरा खोटा ठरवू पाहतो. मीही दोन दिवस तसेच समजत होतो आणि खोटे लिहायला तयार होतो. पण काल सकाळी गोठ्याच्या वरच्या फळीवरून खरारा काढण्यासाठी मी हात वर केला. घोडी समोर होती. ती बिथरली नाही, मागे सरली नाही. तिने डोळे घट्ट मिटले, मान खाली घातली आणि तशीच उभी राहिली. मी हात खाली घेतला तरी तिने बराच वेळ डोळे उघडले नाहीत. त्याच फळीवर धोंडुबाई रोज हात घालते, शालूबाई घालते, पैलवान घालतात, तेव्हा ती कानही हलवीत नाही. सोमवारी ती अशीच उभी होती काय, हे मी सांगू शकत नाही. त्या वेळी मी डॉक्टरांच्या पेनाकडे बघत होतो. पण मला आता वाटते की डॉक्टरांनी जिला समाधानी म्हटले, ती घोडी मार संपण्याची वाट बघत उभी होती. हे लिहिताना मला लाज वाटते आणि फार वाईट वाटते.

तरी सदरचा शेरा रद्द करावा, परवाना परत देऊ नये आणि माझी शिक्षा मुदत न घालता चालू ठेवावी. मी उपाशी मरणार नाही. भाऊ हातकणंगल्याला शेती करतो, तो दाणे पाठवतो.

समितीच्या शिक्षेतच राहू इच्छिणारा,

आकाराम गुंडू चौगले
शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. १० ऑक्टोबर १९६८

सोबत : कलम ६ चा पुरावा जोडलेला नाही. तो दाखवायचा तर मला तिच्यासमोर पुन्हा हात उचलावा लागेल.