तीन हाकांचा निलेश

२ डिसेंबर, मंगळवार
आली कोण सगळ्यांच्या आधी, तर हौसा. बँडवाल्यांची गाडी अजून वळणावर होती, तेवढ्यात ही शेजारीण दगडी गडग्यावरून वाकली नि विचारते, सगुणे, लगीन काढलंस काय गो घरात? म्हटलं, काढलंय, तुझंच. नवरा बघून आलेत. मग माझ्याआधी येऊन खुर्ची धरून बसली.

माणसं सावर्ड्याची. लग्नात वाजवतात. म्होरक्या भागोजी, मिलिटरीच्या बँडातून रिटायर झालेला. जवान गेलेल्या घरी ही मंडळी रविवारी जातात आणि फुकट वाजवतात. म्हणाला, मावशी, तुमच्या निलेशसाठी येत्या रविवारी येऊ का? म्हटलं, या की. घरी माणूस आलं की मला आनंदच. एकाकडे फणसाएवढा भोंगा होता. निलेशची पोर मृणाली त्यात डोकं घालून ओरडली.

भागोजी म्हणाला, आधी ‘लास्ट पोस्ट’ वाजवायचं, गेलेल्या जवानाला निरोप द्यायची धून. मग सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. मग सकाळी जवानांना उठवतात ती धून. उठवतात म्हणाला, आणि पुढचं काही माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

३ डिसेंबर, बुधवार
मी काय वेडी नाही. निलेशला पेटीतून आणला तेव्हा पेटीशी मीच बसले होते. पण पोर उठायचा कसा ते भागोजीला काय ठाऊक. तीन हाका. पहिलीला हूं. दुसरीला वाकळ डोक्यावर. तिसरीला मी ओरडायचे, उठ मेल्या. की उठून विचारायचा, चाय झाली?

भरती झाल्यावर पहिल्या सुट्टीला आला, तर पहाटेच वाकळीची घडी करून बसलेला. मला रागच आला. म्हटलं, मी हाक मारली नाही तर उठलास कोणाच्या हाकेनं? म्हणाला, आये, तिकडे बिगूल वाजला की एका हाकेत उठावं लागतं.

एका हाकेत. स्वतः बोललाय.

तो गेल्यापासून ‘मेल्या’ हा शब्द मी सोडला. कोंबड्यालासुद्धा म्हणत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार
ठरलं. रडायचं नाही. घावणे करायचे, सोबत नारळाचा रस. सून अक्षया म्हणते, आई, साधंच ठेवा. ती शाळेत शिकवते, तिला सगळं साधंच लागतं. म्हटलं, चहाचा एक कप वाढव. कोणाला, म्हणाली. म्हटलं, हौसा दोन पिते.

७ डिसेंबर, रविवार, सकाळ
डोळे कोरडे. घावण्यांना जाळी सुरेख पडली. निलेशचा स्टीलचा पेला घासून ठेवला, हौसासाठी. अक्षया पेल्याकडे बघून नाक ओढत आत गेली. सर्दी झाली असेल तिला.

७ डिसेंबर, संध्याकाळ
लास्ट पोस्टला मी रडले नाही. चुलीचा धूर होता. गप्प उभं राहणं हौसालाही जमलं, हे नवल. मग भागोजीने एकट्याने ती उठवायची धून धरली. आंब्यावरचे कावळे उडाले. मी पेल्यात चाय ओतली नि दाराकडे बघत राहिले. धून संपली. कोणी हललं नाही.

आणि माझ्या तोंडून गेलं, उठ मेल्या.

मोठ्याने गेलं. भोंगेवाल्याने मान खाली घातली. अक्षयाने माझा हात धरला, सोडेचना. मृणाली विचारते, आजी, कोणाला? तर हौसा पुढे आली. म्हणाली, मला गो, दुसऱ्याला कोणाला, मी सकाळपासून पेंगतेय. पेला उचलला नि उभ्या उभ्या पिऊन टाकला. तिची जीभ भाजली असणार.

घावण्यांतला एक उरला नाही. भोंगेवाल्याने भोंग्याएवढेच खाल्ले.

चूक माझीच झाली. एका हाकेत उठायचा ते तिकडे, पलटणीत. घरी तीन लागायच्या. आज तर एकच झाली.

निघताना भागोजी म्हणाला, मावशी, परत येतो. सव्वीस जानेवारीला. कॅलेंडर बघितलं, सोमवार आहे. अजून दोन हाका बाकी.