फेकण्यासारखं काही नसलेलं हॉटेल

४ मार्च, सोमवार

दादाचा दात सापडला. बारक्याच्या गाडीखाली, पुढच्या चाकाशी. रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलाय. कशाला, माहीत नाही.

आईला तपासणीसाठी आमच्याच हॉस्पिटलात आणलं होतं. दोघा भावांना मीच फोन केले. दोघांनाही कळायला हवं ना! प्लास्टर रूममधून हात पुसत खाली पार्किंगमध्ये आले तर दोघे एकाच गाडीला टेकून उभे. सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि आज मध्ये हातभर अंतर! मी लांबूनच ओरडले — दादा, मागे हो! तो हलेना. म्हणून आठवण करून दिली — अरे, हाच म्हणाला होता ना, बाबांना तू मारलंस म्हणून!

झालं मग. बारक्याने (वजन शंभर किलो, नाव बारक्या) डोक्याने धडक दिली, थेट तोंडावर. दादाने त्याचे केस धरून डोकं गाडीच्या काचेवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काच गेली. बारक्याने त्याचा अंगठा दातात धरला तो सोडेचना. वॉचमन नुसता शिटी फुंकतोय, जवळ कोण येतंय! शेवटी मीच मध्ये पडले, नेहमीसारखी. दोघांची मानगूट धरून बाजूला केलं. माझ्या हातात अजून तेवढी ताकद आहे. वीस वर्षं लोकांची हाडं ओढून बसवतेय.

दादाचा चष्मा बारक्याच्या गाडीत सापडला, पुढच्या सीटवर. घडी घातलेला. उडून पडला असेल.

५ मार्च, मंगळवार

हृदयाची झडप गेलीय. महिना संपायच्या आत ऑपरेशन, नाहीतर कठीण आहे म्हणाले डॉक्टर. आईने कागद परत सरकवला. “माझी पोरं एका टेबलाशी बसून जेवलेली बघेन, मग सही करीन.”

मी म्हटलं, आई, टेबल जागेवर राहायचं नाही.

“मग जड टेबल असलेली जागा शोध!”

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. वय वर्षं ऐंशी, श्वास पायरीगणिक अडकतो, आणि हट्ट बघा.

७ मार्च, गुरुवार

आज तीन मुठी. भिंतीवर मूठ मारली की करंगळीमागचं हाड मोडतं, दुसरं नाही. एक्स-रे न बघता सांगते मी. विचारलं, कसं झालं? पहिला म्हणाला, जिन्यावरून पडलो. दुसरा, जिन्यावरून पडलो. तिसरी बाई होती, तिच्या घराला जिनाच नाही, तरी ती जिन्यावरूनच पडली. आमच्या गावात लोक कमी, जिने फार.

दादाचा हातही मीच बांधला होता, बाबा गेले त्या दिवशी. बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा घरी कोण असायला हवं होतं, यावरून वॉर्डाच्या बाहेरच जुंपली. दादाने बारक्याला पाण्याच्या कूलरवर फेकलं, कूलर आडवा, पाण्यात रक्त, आणि आत बाबांवर चादर ओढत होते. दोन वर्षांपूर्वी आईच्या स्वयंपाकघरात बारक्याने स्टुलाने दादाच्या दोन बरगड्या मोडल्या. तो ह्याला काय म्हणतो, हे मी ह्याला सांगते, आणि ह्याचं त्याला. लपवाछपवी मला जमत नाही. मनात एक, ओठावर एक, हे आपल्या रक्तात नाही.

९ मार्च, शनिवार

दोन हॉटेलं बघितली.

पहिलं स्टेशनजवळचं. सगळीकडे काच! टेबलं काचेची, दिवे काचेचे, जिन्याचा कठडासुद्धा काचेचा. मला नुसतं बघूनच टाके दिसायला लागले. दुसरं जुनं, चांगलं होतं, पण मॅनेजरने आडनाव ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. दादाला तिथून एकदा कॉलर धरून बाहेर काढलंय म्हणे, वेटरच्या अंगावर गेला होता. जुन्या हॉटेलांचं हेच असतं, कोणाचं ना कोणाचं काहीतरी तिथे होऊन गेलेलं असतं.

नवीन पाहिजे. अगदी नवीन. आमच्यातलं कोणीही ज्यात पाय ठेवलेला नाही असं.

परत येताना एक मोटारसायकलवाला खांद्याला घासून गेला. सिग्नलला गाठला. कॉलर धरून खाली उतरवला तर हात जोडायला लागला. सोडून दिला. घरी येईपर्यंत हाताला मुंग्या येत होत्या.

११ मार्च, सोमवार

मिळालं!

शहराच्या अगदी मध्यात, पण गल्ली अशी की पाल चुकचुकली तरी ऐकू येईल. दोन्ही बाजूंना कचेऱ्या, एक बंद पडलेला छापखाना, एक घड्याळदुरुस्तीवाला. दोघांच्याही घरापासून सारखंच लांब, म्हणजे कोणी म्हणायला नको की त्याची सोय बघितली. हॉटेल उघडून दोन महिने झालेत. लिफ्टच्या भिंतींवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, रंगाचा वास आहे.

मॅनेजर पोरगेलासा, बुटाला पॉलिश, कपाळाला घाम. मी विचारलं, फुलदाण्या किती? तो म्हणाला, मॅडम, ताजी फुलं रोज असतात! मी म्हटलं, काढा. टीव्ही भिंतीला पक्का आहे? जिने किती? दोन माणसांना दोन वेगळ्या दारांनी बाहेर काढता येईल? त्याला वाटलं मी पोलिसांतली. मग हळूच म्हणाला, “कोणी मोठे पाहुणे आहेत का?” म्हटलं, हो, माझे भाऊ.

जेवणाची बाजूची खोली ठरवली. दार जड, भिंती जाड. प्लेटा प्लास्टिकच्या, ग्लास स्टीलचे, पाण्याचा जग स्टीलचा, सुऱ्या नकोतच, सूप आणि ब्रेड, चावायला लागेल असंही काही नको — दादाला दात नाही. टेबल शिसवी, जागचं हलणार नाही. खुर्च्यासुद्धा जड. मॅनेजर म्हणाला, एका माणसाला उचलत नाहीत. मी एका हाताने उचलून बघितली. उचलली.

काउंटरवरची मुलगी माझ्या नाकाकडे टक लावून बघत होती. आमच्या घराचं नाक आहे हे, डावीकडे वळलेलं, तिघांचं सारखं. “असं नाक कुठंतरी बघितलंय,” म्हणाली. अशी जीभ ओढावीशी वाटली!

१३ मार्च, बुधवार

आज प्लास्टर कापताना सगळं आठवत होतं. आई आम्हाला कधी मारायची नाही. शेजारी कौतुक करायचे. दोघांनी काही केलं की समोरासमोर उभं करायची. म्हणायची, मार एकमेकांना. दहा-दहा. आधी मोठा, मग धाकटा. मला स्टुलावर उभं करून मोजायला सांगायची. आठ वर्षांची असेन मी. म्हणून माझं नाव पंच.

दोघे आधी माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, एक. मग सट्! बारक्याच्या गालावर बोटं उमटायची. दादा कधीकधी हळू मारायचा, धाकटा म्हणून. हळू असेल तर मी मोजत नसे. नियम म्हणजे नियम. एकदा चारवरून सहा वेळा पुढे जाऊ दिलं नाही, शेवटी दादाने रडत रडत इतक्या जोरात दिली की बारक्याच्या कानातून रक्त आलं. मग म्हटलं, पाच.

मला कोणी कधी बोट लावलं नाही. पंचाला कोण मारतंय!

१४ मार्च

झोप नाही. बाकी काही नाही.

१६ मार्च, शनिवार

नवऱ्याला हॉटेलची यादी वाचून दाखवली. काय काय काढायला सांगितलं ते. तो शर्टाचं बटण लावत होता. म्हणाला, “एवढं सगळं काढलंस, एक राहिलं.” काय ते सांगेना. मी ओरडले तसा बाथरूममध्ये जाऊन बसला. तिथल्या दाराला मुठीएवढं भोक आहे, त्यावर त्याने कॅलेंडर लावलंय. मागच्या वर्षीचं. बदलतसुद्धा नाही!

२० मार्च, बुधवार

दोघांना फोन केले. शनिवारी दुपारी एक वाजता. हात खिशात ठेवून यायचं, बाबांचं नाव काढायचं नाही. हॉटेलचं नाव सांगितलं तर दादा म्हणाला, “तेच का?” बारक्याला केला. तोही म्हणाला, “तेच का गं, ताई?”

ऐंशी वर्षांची बाई मरायला टेकलीय आणि ह्यांना हॉटेल पसंत नाही.

२३ मार्च, शनिवार

लिहिते. घडलं तसं लिहिते.

मी साडेबारालाच पोचले. फुलदाणी एक राहिली होती, ती काउंटरखाली ठेवायला लावली. एक वाजता दार उघडलं. आई मध्ये, एका बाजूला दादा, एका बाजूला बारक्या. दोघांनी तिचा एकेक दंड धरलेला. एकाच गाडीतून उतरले! मी तोंड उघडणार तेवढ्यात ती काउंटरवरची मुलगी हसत पुढे आली. दादाला म्हणाली, “या काका! आज चार खुर्च्या?”

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, चुकलीस तू, हे पहिल्यांदा येतायत. ती गोंधळली. “नाही हो, दर रविवारी येतात ना. आजी आणि हे दोघं. कोपऱ्यातलं टेबल.”

आईच खोलीत जाऊन बसली. आम्ही मागोमाग. दार जड, आपोआप लागलं.

दादा म्हणाला, “आम्हीही तुझ्यासारखंच बघून निवडलं. इथे आपलं काही झालेलं नव्हतं.” आधी दुसरीकडे भेटायचे म्हणे. चार वर्षं! स्टुलाने बरगड्या मोडल्या तेव्हासुद्धा भेटत होते. आठवड्याने बारक्याच दादाला बघायला गेला, त्याला आंघोळ घालायला.

मी म्हटलं, मग माझ्यासमोर का फोडता एकमेकांना? पार्किंगमध्ये काय झालं?

बारक्या मान खाली घालून म्हणाला, “ताई, तू आलीस की होतं ते. तू बघतेस ना आमच्याकडे... मला वाटतं, आता म्हणेल, एक.”

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, “हे दोघं केव्हापासून जेवतायत माझ्यासमोर. राहिली होतीस ती तू. चूक माझीच होती गं. मी मारायला लावलं, तुला मोजायला लावलं. ते दोघं रडून मोकळे झाले. तू नाही रडलीस कधी.”

आणि हसली. प्रेमानेच हसली असेल. मला दिसलं ते एवढंच, की दर रविवारी हे तिघं इथे असे हसत बसतात.

जग भरलेला होता. स्टीलचा. मीच सांगून ठेवलेला. कधी उचलला कळलं नाही. बारक्याच्या भुवईवर बसला, हाडाचा आवाज आला, तो मला ओळखता येतो. पाणी, मग रक्त. तो खुर्चीसकट मागे गेला. मी दुसरी खुर्ची उचलली. एका हाताने. दादा समोर आला. हात वर केला नाही त्याने. नुसता उभा राहिला, गाल पुढे करून, आणि माझ्याकडे बघत राहिला. आकड्याची वाट बघत. पंचावन्न वर्षांचा माणूस.

मी आकडा म्हटला नाही. खुर्ची हातातून पडली, त्याच्या पायावर.

आई म्हणाली, “बस खाली. जेव.”

बसले. सूप गार झालं होतं. बारक्या भुवईला रुमाल दाबून एका हाताने जेवला, त्याच्या प्लेटीत थेंब पडत होते. दादा लंगडत ब्रेड वाढत होता. चौघं जेवलो, शेवटपर्यंत. मग आईने पिशवीतून ऑपरेशनचा कागद काढला, पेन मागितलं आणि त्या ओल्या टेबलावरच सही केली.

२४ मार्च, रविवार

आज रविवार. तिघं तिथे गेले असतील का? विचारायला फोन उचलला. ठेवून दिला.

२६ मार्च, मंगळवार

डाव्या हाताने लिहितेय. ऑपरेशन झालं, आई शुद्धीवर आहे, दादाचा फोन आला. मी तिथेच आहे, चार मजले खाली, माझ्याच प्लास्टर रूममध्ये, बाकाच्या या बाजूला. उजवा हात, करंगळीमागचं हाड. सोबत काम करणाऱ्या बाईने एक्स-रे बघितलाच नाही. पट्टी भिजवत विचारलं, कसं झालं गं?

म्हटलं, जिन्यावरून पडले.