चिनी बालवाडी आणि आपल्या सात पिढ्या

बिश्केक, पंधरा मे

आदरणीय तोकोन दादांना,

धाकट्या सादिरचा छातीवर हात ठेवून सलाम. वहिनींचे गुडघे, तुमचा खोकला, घोडी, शिंगरू आणि जावई (याच क्रमाने) सुखरूप असतील अशी आशा आहे. इथे आम्ही धडधाकट आहोत. फक्त घरात कोण कोणत्या भाषेत बोलतंय ते कुणाला कळत नाही.

झालं असं की, आमच्या सेजिमला, म्हणजे नातीला, मी चिनी बालवाडीत घातलं. बाजारात वीस वर्षं मी चिनी व्यापाऱ्यांकडून सपाता घेतल्या त्या कॅल्क्युलेटरवर बोटं आपटून; वाटलं, पाच वर्षांची पोर शिकली तर बोटं तरी वाचतील. त्या शाळेचा नियम असा, की बाईंनी चिनीशिवाय दुसरी भाषा येतच नाही असं वागायचं. पोरगं आपल्या भाषेत पाण्यासाठी रडलं तरी बाई आभाळाकडे बघणार. हा नियम सेजिमने घरी आणला. मी 'ये गं' म्हटलं, की वाट चुकलेल्या परदेशी पाहुण्याकडे पाहावं तशी ती माझ्याकडे कनवाळूपणे पाहते. आणि तुमच्या सत्तरीच्या जेवणात तिने सात पूर्वजांची नावं म्हणायची आहेत! सगळ्या गोतासमोर पोर गप्प राहिली तर? 'सात पिढ्या ठाऊक नाहीत तो गुलाम,' असंच म्हणतील ना लोक?

म्हणून मी रोज फाटकाशी तिच्या ली बाईंना गाठायचो. यांना काय कळतंय, म्हणून गोड हसत किर्गिझमध्येच विचारायचो, "काय गं मैने, पोरीची जीभ आज परत देतेस की नाही?" त्या मान लववून हसायच्या. (एकदा मुख्याध्यापिकेच्या टोपीबद्दलही बोललो. तेव्हा जरा जास्तच हसल्या. एरवी तीन दुकानांपलीकडची कुजबुज टिपणारे माझे कान तेव्हा कुठे गेले होते कोण जाणे.)

शेवटी रविवारी बाईंना चहाला बोलावलं, कणकेचे गोळे लाटून बोरसोक तळले, आणि त्यांच्यासमोरच नावं घोकून घ्यायला बसलो. बाईंना पाहून तरी पोर तोंड उघडेल! मीच सुरुवात करून दिली: तुझा बाप, मग मी, माझे वडील झुमाश, झुमाशचे कासिम, कासिमचे ममबेत, ममबेतचे बाइझाक... तोच बाईंनी पेला आदळला.

"ममबेतचे वडील चोयबेक! बाइझाक हे चोयबेकचे धाकटे भाऊ, आणि ते आमचे! स्वतःचे पूर्वज सोडून आमचे कशाला उचलता, आबा?"

अस्सल नारिनकडचं किर्गिझ, दादा! बाईंचं खरं नाव गुलझिरा, तुमच्या पलीकडच्याच खोऱ्यातली, आपल्याच गोतातली. चीनमध्ये फक्त शिकली. मैनेपासून टोपीपर्यंत सगळं आठवून मला घाम फुटला. सेजिमच्या हातातला बोरसोक गळून पडला आणि दीड महिन्यात पहिल्यांदा ती आपल्या भाषेत ओरडली, "बाईंना येतं!"

सोमवारी तिने ही बातमी वर्गात फोडली. आता अठरा पोरं बाईंशी किर्गिझमध्ये भांडतात, मुख्याध्यापिका मला भेटायला बोलावतात, आणि मी शाळा बिघडवली की सुधारली हे मला खरंच समजत नाही. सेजिम मात्र नावं म्हणायला तयार आहे. फक्त विचारते, "आबा, तुमची म्हणू की खरी?"

तुमचा धाकटा भाऊ,
सादिर

ता.क. सातही नावं तुमच्या हाताने लिहून व्हॅनवाल्याबरोबर पाठवा.

आणखी ता.क. चोयबेक हे नाव गेल्या वर्षी, मामांना जाऊन वर्ष झालं त्या जेवणात तुम्हीच सांगितलं होतं, आणि भर पंगतीत 'दादांना म्हातारचळ लागलाय' असं मी म्हणालो होतो. तेव्हापासून आपला फोन बंद. सत्तरीचं आमंत्रण सेजिमला आणि तिच्या आईबापांना आलं. माझं नाव त्यात नाही. (मुलगा म्हणतो, विसरले असतील. तुम्ही काही विसरत नाही, हे आता सिद्धच झालं.) पोरीला घाटात गाडी लागते आणि तेव्हा तिला माझीच मांडी लागते. पंगतीत नका बसवू मला, दाराशी उभा राहीन. सहाव्या नावाला सगळ्यांच्या आधी मान मीच डोलवीन.