धायरीवरचा धूर

२ फेब्रुवारी २०१८
वाघोलीच्या भाडेकरूंनो, सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं, आणि तक्रार केली की घरमालक विचारतात, ‘कुठाय धूळ?’ किती दिवस ऐकून घ्यायचं?

यवतमाळच्या वक्तृत्वस्पर्धांची खोड, रोजनिशीतही भाषण! पण आज आनंद आहे. नोकरी लागली. उपग्रहाच्या चित्रांत वणव्यांचा धूर आणि धूळ कुठे सरकते ते शोधायचं, नकाशावर दाखवायचं. खोली ऑफिसजवळच. आई सोबत आली आहे. मंडईतून अंजिरं आणली तिने, पुणं आवडलं म्हणाली.

५ फेब्रुवारी
यज्ञेश्वर सरांनी इथली रीत शिकवली. धुराच्या मुळाशी आगीचा लाल ठिपका हवा. नसेल, तर चूक समजून धूर नकाशावरून पुसायचा. पण दिसतोय ना, असं मी म्हटलं. त्यावर सर म्हणाले, अहो उल्काबाई, डोळ्यांना दिसतं त्याचे पैसे मिळत नाहीत, ठिपक्याचे मिळतात. शेजारी बसणारी जैनब खुदकन हसली. सिंहगडापलीकडे आज असा एक बिनठिपक्याचा धूर होता. सरांनी पुसला.

६ फेब्रुवारी
तोच धूर आज धायरीवर. वारा पूर्वेकडून वाहतो आहे आणि धूर त्याच्या तोंडावर चालत आला आहे. सर धायरीलाच राहतात. त्यांनी बायकोला फोन केला. श्यामलावहिनींनी सांगितलं, आभाळ लख्ख निळं आहे. सरांनी पुन्हा पुसला.

७ फेब्रुवारी
सर आले नाहीत. धूर धायरीवरच, हललेला नाही. ऑफिसचे मोठे साहेब म्हणाले, पुसा, नाहीतर घरी बसा. मी पुसला.

संध्याकाळी जैनब आणि मी धायरीला गेलो. सरांच्या घराबाहेर गर्दी. घरात जळलेलं काहीच नाही, पडदे पांढरेशुभ्र. सर खुर्चीत बसल्या बसल्या गेलेले. डॉक्टर म्हणाले, तोंडापासून छातीपर्यंत राख भरली आहे. वहिनी एकच सांगत होत्या, वासही आला नाही हो.

८ फेब्रुवारी
धूर निघाला. हडपसर ओलांडलं. सरळ वाघोलीकडे — पुसणाऱ्याच्या घरी. माझ्या घरी. घरात आई आहे.

जैनबने तो नकाशावर काढला, ठिपका नसताना. पुढच्या चित्रात धूर थांबलेला! वाऱ्याबरोबर थोडा मागेही सरला. म्हणजे त्याला एवढंच हवं — कोणीतरी त्याची नोंद —

९ फेब्रुवारी
मी आज आईजवळ घरीच. ऑफिसात साहेब जैनबवर ओरडताहेत, पुस म्हणून. तिने फोनवर सांगितलं. मग फोन तुटला. आता लागत नाही.

आई तेव्हापासून खोकते आहे. रुमालावर राखाडी —

आभाळ निळं. अगदी निळं. आईला धरून बसले आहे, उभं राहता येत नाही तिला. जिन्यापर्यंतही —

ज्याच्या हाती ही वही लागेल त्याने आधी ऑफिसात धावावं. जैनबला सांगा, धूर नकाशावर राहू दे. पुसू न