मिनिटाला पंधरा श्वास

मंचर, सोमवार, ८ ऑगस्ट २००५

पोहोचले. एसटीतून उतरले तेव्हा अर्धं मंचर भीमाशंकरच्या जीपगाड्यांत कोंबलेलं होतं, श्रावणातला सोमवार. न्यायला कुणीतरी येईल असं डॉक्टर भगवंत म्हणाले होते, ते स्वतःच स्कूटर घेऊन आले. वीस खाटांचं त्यांचं हॉस्पिटल, मी तिथली नवी डॉक्टर; मागच्या आवारात मला एक खोली, खोलीला मोरी आणि मोरीत बेडूक. आईला फोनवर बेडूक सोडून सगळं सांगितलं.

अतिदक्षता विभागात खाटा तीनच, पण व्हेंटिलेटर आहे. जुना, तरी ठणठणीत. डॉक्टरांनी तो मला नवी सून दाखवावी तसा दाखवला. म्हणाले, अमृता, आकडेमोड तुझी, बाकी पेशंटचं नशीब. आकडेमोडीला मी कधी घाबरले नाही. शाळेत गणितात पैकीच्या पैकी आणि स्वयंपाकात भोपळा, अशी माझी ख्याती.

गुरुवार, ११ ऑगस्ट

काल संध्याकाळी बहिरूला आणलं. मेंढपाळ, पन्नासेक किलोचा, काटक. रानात मेंढ्यांपाशी जमिनीवर झोपला होता, मण्यार चावली. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात. माणूस शुद्धीत असतो, सगळं ऐकतो, पण पापणी उचलता येत नाही आणि छातीही हलत नाही. सर्पदंशाची लस दिली, घशात नळी घातली, यंत्राला जोडला.

मिनिटाला बारा श्वास, प्रत्येकी चारशे मिलिलिटर. रक्तातला कार्बन डायऑक्साइड आला पन्नास. हवा होता चाळीस; श्वास वाढवले की तो उतरतो. बारा गुणिले पन्नास, भागिले चाळीस: पंधरा. शाळेतलं त्रैराशिक. पंधरावर लावलं, थोड्या वेळात आकडा चाळीसवर आला. त्याची बायको निर्मला दाराशी उकिडवी बसली होती. धोका तूर्त टळलाय म्हटल्यावर म्हणाली, बाई, तुमी आमाला देवावानी भेटलात. मी म्हटलं, देव नाही, त्रैराशिक. तिने त्यालाही हात जोडले. आज मला स्वतःचा फार अभिमान वाटतोय.

शनिवार, १३ ऑगस्ट

भारनियमन रोजचंच, आज जनरेटरही रुसला. यंत्र बंद. अंजना सिस्टरने रबरी हातबॅग दिली. ती नळीला लावून दाबत राहायचं, तेवढ्यावर माणूस जगवायचा. माझी पद्धत ठरलेली: आपण श्वास घेतला की बॅग दाबायची, आपण सोडला की सोडायची. म्हणजे घाबरून हात पळत नाही. बराच वेळ दाबली. सिस्टर दोनदा म्हणाली, द्या, मी दाबते. मी दिली नाही. ठेका छान लागला होता. शेवटी शेवटी कुणाचा श्वास कुठला हेही कळेनासं झालं. वीज आली, यंत्र सुरू झालं. न जेवताच झोपले.

रविवार, १४ ऑगस्ट

कार्बन डायऑक्साइड चौसष्ट. पंधरा गुणिले चौसष्ट, भागिले चाळीस: चोवीस. चोवीसवर लावलं. पुन्हा तपासलं. चौसष्टच. त्रैराशिकाने माझा असा पाणउतारा कधी केला नव्हता.

यंत्र चारशे देतं, परत येतात दोनशे वीस. गळती शोधली, नळीपासून प्रत्येक सांध्यापर्यंत. गळती नाही. मग उरलेली हवा जाते कुठे?

खोलीवर आले तर मला धाप लागलेली. चहा करताना, बसल्यावर, आडवी झाल्यावरही. घड्याळ समोर ठेवून मोजलं. मिनिटाला चोवीस.

मंगळवार, १६ ऑगस्ट

योगायोग म्हणून दोन दिवस काढले. आज त्याच्या खाटेशी उभी राहून स्वतःचं नाक-तोंड दाबून धरलं. परत येणारी हवा: दोनशे वीस, तीनशे, चारशे. पूर्ण चारशे. हात काढला, तर माझी छाती हललीच नाही. यंत्राने पुढचा श्वास दिला, तेव्हा माझ्यात हवा आली.

शनिवारी जो ठेका लागला तो सुटलेलाच नाही. बहिरूच्या वाट्याची हवा मी घेते आहे. चारशेचे सहाशे करून पाहिले, वाढलेले दोनशेही मीच घेतले. मला भीती वाटते. हे कुणाला सांगू?

गुरुवार, १८ ऑगस्ट

अर्ध्या दिवसाची रजा काढून घोडेगावपर्यंत जीपने गेले. लांब गेलं की सुटेल असं वाटलं. सुटलं नाही. परत आले.

बहिरूची पापणी उचलली जाते, बोट हलतं. डॉक्टर म्हणाले, आता यंत्राचे श्वास कमी करत आणू, त्याचे त्याला घेऊ दे. मी म्हटलं, अजून ताकद नाही. खोटं बोलले. आकडे दाखवून बोलले, म्हणून त्यांनी मानलं.

यंत्र बंद झालं तर माझं काय —

शनिवार, २० ऑगस्ट

त्याला ताप. छातीत कफ. यंत्रावर जितके दिवस जास्त तितका हा धोका, हे मला परीक्षेत विचारलं होतं. डॉक्टर म्हणतात, एक-दोन दिवसांत सुटला नाही तर मग सुटणार नाही.

निर्मला म्हणाली, बाई, त्यो डोळ्यानं इचारतुया, मला कवा सोडनार. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तुमाला बी लई धाप लागलीया, बसा जरा. स्वतःच्या घोंगडीवर बसवलं मला. रडता आलं नाही. रडायला जास्तीचा श्वास लागतो —

रविवार, २१ ऑगस्ट

सकाळीच सुरुवात केली. मीच. वही घेऊन त्याच्या खाटेशी बसलेय.

बारा. मधले श्वास तो स्वतः घेतो. उथळ, पण त्याचे. मला बारा पुरत नाहीत —

आठ. माझी नखं निळी. सिस्टर विचारते, बरं नाही का. मान हलवली.

सहा. हातबॅग स्वतःच्या तोंडाला लावून पाहिली. हवा गालातच राहते —

चार. त्याची छाती भरून येतेय. यंत्राचा श्वास त्याला आता नको. सगळा मला —

नळी काढली. खोकला. निर्मलाला हाक मारली त्याने. ती हसतेय, डोळे पुसतेय.

अंजनाचा हात बटणावर. माझ्याकडे पाहिलं. होकारार्थी मान हलवली मी —

बंद.

शेवटचा आत धरलाय. त्यात जेवढं लिहून होईल —

निर्मला जवळ आलीय. म्हणते, बाई, तुमी बोलत का न्हाई. बोलायला तो सोडावा लागेल, आणि सोडला की