हँडल डावीकडे वळलं की

नाना, तुमची गाडी गेला दीड महिना मिसिंग करत होती, आणि त्या दीड महिन्यात मी तुमच्यावर जेवढी चिडले तेवढी तुम्ही असताना कधी चिडले नसेन. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर चिडू नये हे कळतं, पण गाडी तुमची, शिकवणी तुमची, तीही अर्धवट. मग दुसरं कोणावर चिडू? तुम्ही गेल्यावर पिंपळनेरचं गॅरेज बंद झालं. दादा सुरतेला, त्याला ही जुनी मोटरसायकल नको होती. आई म्हणाली, तूच घेऊन जा, दुसरं कोणी तिला सांभाळणार नाही. साक्री, धुळे, जळगाव करत मी दिवसभर चालवून ती इथे पहूरला आणली, आणि तेव्हापासून आरोग्य उपकेंद्राच्या चार गावांत तिच्यावरच फिरते. लोक मला गाडीवाली सिस्टर म्हणतात.

सरळ रस्त्याला गाडी शहाण्यासारखी चालायची. गावात शिरताना, बोळात वळताना, खड्ड्यातून जाताना मात्र ठसका लागल्यासारखं करायची, दोन-चार ठोके गाळायची आणि परत धरायची. कधी धरायचीच नाही. इथल्या मेकॅनिकने आधी प्लग बदलला, मग कार्ब्युरेटर साफ केला, मग कॉइल बदलली, मग पुन्हा कार्ब्युरेटर खोलला. दर वेळी तो हायवेवर पेट्रोल पंपापर्यंत सुसाट जाऊन यायचा आणि गाडी माझ्या नवऱ्याच्या हातात द्यायचा. चालवते मी, बोलायचं नवऱ्याशी. शेवटच्या वेळी तो त्यांना हसत म्हणाला, "गाडी एकदम ओके आहे, भाऊ. मिसिंग सिस्टरच्या मनात आहे." हेही हसले. घरी येताना म्हणाले की आता भंगारात देऊन टाक. त्या रात्री मी भाकरी रागारागाने थापल्या, तेवढ्या जाड झाल्या.

मग लसीकरणाचा दिवस आला. मागे लशींचा डबा बांधलेला, आत बर्फ, आणि केळीच्या बागांमधून जाणारी ती कच्ची वाट. डावीकडच्या वळणावर गाडी फटफटली आणि बंद पडली. मी किका मारते, ती सुरू होते, हँडल वळवते, बंद. पुन्हा किक, पुन्हा तेच. तेव्हा तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. शेवटी डबा खांद्याला अडकवला आणि गाडी तिथेच सोडून चालत निघाले. अंगणवाडीत पोचले तेव्हा बाकीच्या बाया थांबलेल्या होत्या, पण एक जण बाळाला घेऊन निघून गेली होती. केळी कापणीच्या टोळीत ती कामाला होती, टोळीची गाडी निघाली म्हणून गेली. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "वाटलं, तुम्ही काही येत नाही आज." मागच्या बाळाच्या वेळी लस द्यायची नाही म्हणून ती अडून बसली होती. तिचा विश्वास बसायला मला वर्ष लागलं होतं, नाना. आता परत तारीख सांगितली तर तिने नुसती मान हलवली, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ मला कळतो.

त्या दिवशी मला तुमची फार आठवण आली, आणि ती चांगली आठवण नव्हती. त्या आठवणीत मी सतरा वर्षांची आहे. स्वयंपाकघराची खिडकी तुमच्या शेडमध्ये उघडते, त्यामुळे आमच्या फोडणीला पेट्रोलचा वास आणि तुमच्या पान्यांना फोडणीचा. पश्चिमेकडच्या पाड्यावरचे एक गुरुजी गाडी घेऊन आलेले आहेत. तुम्ही मला प्लग बसवायला सांगता. मी तो पहिल्यापासून पान्यानेच आवळते, तो तिरपा जातो, आणि इंजिनच्या हेडचे आटे खराब होतात. तुम्ही माझ्या हातातून पाना काढून घेता आणि गुरुजींच्या समोर म्हणता, "घरमा जाय. चहा मांड." चहा उकळताना मला खिडकीतून ऐकू येतं, तुम्ही गुरुजींना सांगता, "मनाच हात चुकना." लोक म्हणतील, केवढा मोठा बाप. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होते. पण तुम्ही चूक स्वतःवर घेतली आणि मला ती समजावून सांगितली नाही. प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा आणि शेवटी पाना लावायचा, हे मला पुढे भुसावळला ट्रेनिंगला असताना एका परक्या मेकॅनिकने सांगितलं. त्यानंतर तुम्ही मला गाडी चालवायला दिलीत, ऑइल बदलू दिलंत, पण वायरिंगला शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. दादाला बोलावून बोलावून दाखवायचात आणि तो जांभया द्यायचा. मी खिडकीतून बघत होते. तुम्हाला ते माहीत होतं.

मागच्या रविवारी मी गाडी अंगणात मधल्या स्टँडवर लावली आणि कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. प्लग काढून बघितला. विटकरी रंग, कोरडा, म्हणजे पेट्रोल आणि हवा बरोबर. तेवढं तुम्ही शिकवलं होतं. प्लगच्या टोपीवर पाणी शिंपडलं, ठिणगी बाहेर पळत नव्हती. इंजिन तापेपर्यंत चालू ठेवलं, एक ठोका चुकला नाही. मी रडकुंडीला आले. मग राग राग करत गाडी बंद करायला उठले, तोल सावरायला हँडल धरलं, ते डावीकडे पूर्ण फिरलं आणि इंजिन आपोआप मेलं. सरळ केलं, किक मारली, सुरू झालं. डावीकडे फिरवलं, मेलं. चार वेळा केलं. मेकॅनिक सरळ हायवेवर जात होता, त्याला कुठून सापडणार? हेडलाइट खोलला. हँडलच्या मानेपाशी, गाडी बंद करायच्या स्विचकडे जाणारी एक काळी-पांढरी वायर घासून उघडी पडली होती. हँडल वळलं की ती चासीला टेकायची आणि ठिणगी मरायची. खड्ड्यातही तेच. तिला टेप गुंडाळून जागेवरून थोडी सरकवली आणि पुन्हा बांधली. एवढंच. ज्या वायरिंगला तुम्ही हात लावू दिला नाहीत, तिथेच होतं सगळं.

यांनी गाडी अंगणात गोल गोल फिरवून बघितली आणि मला म्हणाले, "मेकॅनिकला सांगून येतो." मी म्हटलं, नको, मीच सांगते. सांगून आले. तो हसला नाही. आणि ठरलेल्या तारखेला मी वेळेच्या अर्धा तास आधी अंगणवाडीत होते. ती बाई आली, सगळ्यात शेवटी आली, पण बाळाला घेऊन आली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही ते बरं आहे, कारण एक गोष्ट तुमच्या तोंडावर मला सांगता आली नसती. मी स्कूटर बुक केली आहे, बटणाने सुरू होणारी. गुडघ्याला आता किक सोसत नाही. गेल्या महिन्यात घेतली असती तर हरले म्हणून घेतली असती, तेवढ्यासाठी थांबले होते.