आईची बिनकर्त्याची वाक्यं

३ नोव्हेंबर, सोमवार
फ्रेंचमधलं क्रियापदाचं मूळ रूप म्हणजे भलतंच बेरकी! 'पार्तीर' – जाणं. कोण जाणार, कधी जाणार, पत्ताच नाही. त्याच्या आधी 'सुरू करणं' आलं तर मध्ये 'आ' लागतो, 'संपवणं' आलं तर 'द', आणि 'हवं असणं' आलं तर मध्ये काहीच नको, सरळ चिकटवा. का पण? दीक्षा मॅडम ऑनलाइन वर्गात म्हणाल्या, "राजनंदिनी, का विचारू नकोस, कानाला सवय लाव." मी विचारणारच!

फ्रान्समधल्या शाळेत सात महिने शिकवायला माझी निवड झालीय. शुक्रवारी होकार कळवायचाय. आबा नुसतं "बघू" म्हणतात. तळेगावचं स्थळ डोक्यात बसलंय त्यांच्या.

४ नोव्हेंबर
हवंय मला आणि जाणारही मीच – मग दोन क्रियापदं शेजारी ठेवली की झालं. पण हवंय एकाला आणि जायचंय दुसऱ्यानं, तर मध्ये 'क', म्हणजे आपलं 'की', घालून वेगळं वाक्य मांडायचं. किती सरळ! आबांना कोण सांगणार हे?

५ नोव्हेंबर
आज गंमतच! आई भाकरी थापताना – "जेवायचं का? कांद्याला पाणी द्यायचं न्हाई व्हय आज?" कुणाला? आबांनाच की! कायम अशीच बोलते. ना 'तुम्ही', ना 'अहो'. नुसतं जायचं, यायचं, खायचं. म्हटलं, नाव घेऊन हाक मार की एकदा. तर म्हणे, "गप ए! नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी हुतं." फक्त उखाण्यात घेते, तेही पदर तोंडाला लावून. कर्ताच नाही – माझी आई फ्रेंचच बोलते! हसून हसून पोट दुखलं.

६ नोव्हेंबर
'लेसे पार्तीर' – जाऊ देणं. देणारा एक, जाणारा दुसरा, तरी 'क' नाही! परवाचा नियम गेला उडत. मॅडम म्हणाल्या, याला सूट आहे.

जेवताना आबा म्हणाले, "रविवारी तळेगावची मंडळी येत्यात. फ्रान्स-बिन्स बास आता." मी ताटावरच रडले. आई चुलीपुढून बघत होती.

७ नोव्हेंबर
सकाळी आबांनी मोटारसायकलला किक मारायला पाय उचलला, तेवढ्यात आई अंगणात आली. पदर खोचलेला, हात पिठाचे.
"हौसराव, पोरीला जाऊ द्या."
आबांचा पाय तसाच अधांतरी. मग खाली ठेवला. फोन काढून तळेगावला लावला – "रविवारी येऊ नगा."